चहा न देण्याचा हुकूम

“त्या पाव्हण्याला नुसतं पाणी द्यायचं. चहा न्हाई. आन् चटणीचं तर नावसुद्धा काढायचं न्हाई,” सुभेदार हंबीररावांनी सकाळीच हुकूम सोडला. फौजेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण ही सवय मात्र अजून नोकरीत होती.

त्यांच्या पत्नी राहीबाई भाकरी थापत होत्या. “आवं, दारात आलेल्याला चहा न्हाई? लोक काय म्हणतील?”

“लोकास्नीबी तेच सांगितलंय. दुश्मन हाय त्यो!”

दुश्मनाचं नाव हेंक. हॉलंडमधल्या एका छोट्या मसाला कंपनीचा मालक. राहीबाईंच्या बचत गटाने आपल्या टेंभुर्डी गावची कांदा-लसूण चटणी पहिल्यांदाच परदेशी धाडली, तर डबे तिथल्या बंदरातच अडकले. ‘टेंभुर्डी’ हे नाव हेंकने आधीच नोंदवून ठेवलं होतं. त्याचं म्हणणं, गावाची अशी ठरावीक चटणीच नाही, जो आधी नोंदवेल त्याचं नाव. गटाने हरकत घेतली होती. निकाल विरोधात गेला, तर राहीबाईंना स्वतःच्या गावची चटणी दुसऱ्याच नावाने विकावी लागणार होती, आणि या विचाराने त्यांना घास गोड लागत नव्हता.

सुनावणीआधी हेंक गाव बघायला येत होता. “आपण तोंडं मिटून बसलो, की त्यो काय कप्पाळ घिऊन जाणार?” हंबीररावांनी मिशीवरून हात फिरवला. लढाई त्यांच्यापुरती जिंकून झाली होती.

हेंकला घेऊन आला तो यशराज, हंबीररावांचा पुतण्या. कुपवाडला त्याचा पॅकिंगचा कारखाना होता आणि इंग्रजीही बरं होतं. ऊन मी म्हणत होतं. हेंक लालबुंद होऊन ओसरीवर टेकला, तांब्याभर पाणी प्याला आणि घाम पुसू लागला. हुकमाप्रमाणे कुणी चहाचं नाव काढलं नाही. राहीबाईंना काही ते बघवेना.

“उपाशी दिसतंय वो लेकरू.”

“पन्नाशीचं लेकरू?” हंबीरराव पुटपुटले. तोवर चहा झाला होता आणि ताटलीत भाकरीही आली होती. आता भाकरी काय कोरडी द्यायची? तिच्यावर चटणी आली आणि चटणीवर तेलाची धार.

हेंकने घास घेतला. डोळ्यांतून पाणी आलं, नाक वाहू लागलं, आणि त्याने ताटली पुन्हा पुढे केली. मग तो यशराजला काहीतरी म्हणाला.

“काकू, त्यो म्हंतोय, त्यांच्यात कांद्याची तयार पावडर घालत्यात.”

राहीबाई काही बोलायच्या आत हंबीररावच उसळले. “पावडर? आरं, चटणी करताय का दंतमंजन?” त्यांनी हेंकचा दंड धरला आणि त्याला जिना चढून थेट घराच्या माळवदावर नेलं. कांदा कसा वाळवायचा, तेलात किती तांबूस करायचा, खोबरं कितपत भाजायचं, कुटायच्या डंकात मिरची आधी का घालायची, सगळं त्यांनी तपशीलवार सांगितलं. यशराज इंग्रजीत सांगत होता आणि हेंक मोबाइलवर टिपत होता. शेवटी मिठाचं प्रमाण सांगून झाल्यावर हंबीररावांच्या ध्यानात आलं, की त्यांनी अख्खा दारूगोळा शत्रूच्या हवाली केला आहे.

तेवढ्यात शेजारच्या माळवदावरून शकिलाभाभींचा आवाज आला. “सुभेदार, पाव्हण्याला खोटं कशाला सांगताय? कांदा वाळवायचा नसतोय, वलाच तळायचा!”

त्या वाटी घेऊनच आल्या. त्यांच्यामागून कोंडीबाची सून आली, मग आप्पासोंची म्हातारी, मग सगळी गल्ली. जो तो म्हणे, खरी टेंभुर्डी आमचीच. हेंकने सगळ्या वाट्या चाखल्या आणि पिशवीतून आपल्या चटणीचा डबा काढून फिरवला. शकिलाभाभींनी तो हुंगला आणि तोंड वाकडं केलं. “ही आमच्या गावची न्हवं.” डबा गल्लीभर फिरला. हेंक सारं टिपतच होता.

सुनावणी ऑनलाइन झाली, यशराजच्या कारखान्यात. हंबीरराव कोटावर पदकं लावून बसले होते. हेंक पडद्यावर आला आणि म्हणाला, “या गावात दोन घरांची चटणी एकसारखी नाही.” यशराजने दबक्या आवाजात अर्थ सांगितला.

“संपलं,” राहीबाई म्हणाल्या. हंबीररावांनी मान खाली घातली. हे सगळं त्यांच्याच तोंडाने घडवलं होतं.

“पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं,” हेंक पुढे म्हणाला. “माझी चटणी टेंभुर्डीची नाही. त्या गल्लीत जेवल्यापासून मलाही तसंच वाटतं. मी नाव सोडतो.”

राहीबाई पदराने डोळे पुसत हसत होत्या. “चहा पाजला म्हणून!” त्या म्हणाल्या. हंबीररावांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

डबे सुटले. पण आता नाव गावाच्या नावे कायमचं नोंदवायला गावाची एकच कृती हवी होती. कांदा वाळलेला की ओला, यावरून गल्लीत बोलणी बंद झाली. परदेशातला तंटा मिटला, घरचा पेटला. शेवटी हंबीररावांनीच तोड काढली. “सगळ्यांच्यातलं खाल्लेला आन् कुणाचाच सोयरा नसलेला एकच माणूस हाय. त्यालाच पंच म्हणून बोलवा.”

हेंकने कळवलं, बायकोला घेऊन येतो.

त्या दिवशी हंबीरराव पहाटेपासून कोट घालून तयार. “आज नीट ऐका! पैला चहा आपल्याच घरात. भाकरी आपली, चटणी आपली. वाटेत कुणीबी हाक मारली तरी त्याला थांबू द्यायचं न्हाई!”

“व्हय,” राहीबाई खिडकीतून बघत म्हणाल्या, “पर त्यो बायकूसंगट कवाचा शकिलाच्या वसरीवर बसलाय. दुसरी भाकरी चाललीया.”