एकशे बारा जिन्यांची चोरी

हे मी लिहिणारच नव्हतो. खरं सांगतो. दोनदा अर्धं टाइप केलं आणि पुसलं, कारण ह्यात माझी शोभा आहे. पण ऑफिसात ही गोष्ट आता सांगतात कशी, तर मी कपाटात अडकलो होतो म्हणे. मी अडकलो नव्हतो. दार बाहेरून लागलं होतं. फरक आहे.

आधी माझी ओळख. पोटासाठी मी कॉम्प्युटरवर नकाशे काढतो. मनाने गुप्तहेर आहे. कुठे शिकलो? कुठेच नाही. शिकवावं लागतं ती माणसं वेगळी. नकाशाचं सॉफ्टवेअरसुद्धा मी स्वतःच शिकलो. पद्धत सोपी आहे: दिसेल ते बटण दाबायचं आणि काय मोडतं ते बघायचं. गुन्ह्यांचंही तसंच. आजवर ऑफिसातली तीन प्रकरणं मी हातात घेतली. हरवलेलं स्टेपलर, ओली खुर्ची आणि कोणीतरी कुरतडलेली पेन्सिल. तिन्हींत संशयित माझ्याकडे होता, फक्त गुन्हेगार निघाला नाही. नजर तीक्ष्ण, बुद्धी तिच्याहून तीक्ष्ण, दोन्हींच्या मधे चष्मा. मी स्वतःला त्रिकालदर्शी म्हणतो. बाकीचे मला 'ए' म्हणतात.

तर प्रकरण असं.

आमच्या ऑफिसला शहरातल्या डोंगरवस्तीचा नकाशा काढायचं काम मिळालं होतं. काम अग्निशमन दलाचं. त्या वस्तीत रस्ते नाहीतच, जिने आहेत. घरांच्या मधून वर जाणारे, वळणारे, अचानक कुणाच्या तरी मोरीपाशी संपणारे. आग लागली की गाडी खाली थांबते आणि माणसं पाइप खांद्यावर टाकून जिन्याने पळतात. कुठला जिना कुठे निघतो हे माहीत नसेल तर पाइप एका घरात आणि आग दुसऱ्यात.

हे जिने मोजायला गेला होता लंब्या. आमचा मोजणीदार. माझा मित्र. उंची एवढी की दारातून येताना आधी नमस्कार केल्यासारखा दिसतो आणि मग आत येतो. सहा आठवडे तो डोंगर चढला आणि उतरला. एकशे बारा जिने. मोजून आणलेले आकडे तो मला द्यायचा, मी नकाशात चढवायचो. जिने सगळे एका वेगळ्या लेयरवर. लेयर म्हणजे पारदर्शक कागद समजा: घरं एका कागदावर, झाडं एकावर, जिने एकावर, आणि सगळे एकावर एक ठेवले की नकाशा.

मंगळवारी अकरा वाजता साहेबांनी भिंतीवर लावायचा मोठा नकाशा छापून काढला. चार वाजता अग्निशमन दलाच्या बाई बघायला येणार होत्या.

साहेब नकाशासमोर उभे राहिले. बराच वेळ राहिले. एरवी ते नकाशा उलटा धरला तरी मान हलवतात.

"जिने कुठेत?"

नव्हते. घरं होती, झाडं होती, पाण्याची टाकी होती. जिना एकही नाही. वरची माणसं बहुतेक उडत घरी जात असावीत.

"मोजलेच नाहीत ह्याने," साहेब म्हणाले. "सहा आठवडे कुठेतरी सावलीत बसला असणार."

"साहेब, मी आकडे दिलेत," लंब्या म्हणाला.

"आकडे मीही देतो. एक, दोन, तीन. झाले आकडे." साहेबांना हा विनोद वाटला. मग त्यांनी खणातून लंब्याचा नोकरीचा कागद काढून टेबलावर ठेवला. त्याची सहा महिन्यांची मुदत त्याच दिवशी संपत होती. "चारपर्यंत जिने दिसले तर कायम. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

लंब्या माझ्याकडे बघायला लागला. सगळं ऑफिस माझ्याकडे बघायला लागलं असं मला वाटलं. नंतर कळलं की माझ्यामागे घड्याळ होतं.

"काळजी करू नकोस," मी लंब्याला म्हणालो. "प्रकरण मी घेतलंय."

"अरे देवा," लंब्या म्हणाला. मी ते कृतज्ञता म्हणून घेतलं.

पहिला तर्क: शाई. जिने तपकिरी रंगात होते, म्हणजे प्रिंटरची तपकिरी शाई संपली. मी प्रिंटर उघडला, हात कोपरापर्यंत काळा केला आणि बंद केला. मग नकाशाकडे बघितलं. डोंगराच्या उंचीच्या रेषा छान तपकिरी छापल्या होत्या. तर्क बाद. शर्टही बाद.

मग मी कॉम्प्युटर उघडला आणि माउसचं चाक फिरवत डोंगरात शिरलो. आणि समोर जिने! एकूण एक. पायरीला पायरी लागून. मी ओरडलो, "सापडले!"

साहेब आले नाहीत. त्यांनी मेव्हण्याला पाठवलं. मेव्हणा म्हणजे साहेबांच्या बायकोचा भाऊ. ऑफिसात त्याचं काम नकाशाला रंग द्यायचं. तलाव निळा करायचा हे त्याला दोन वर्षांत जमलंय, झाडांवर अजून मेहनत चालू आहे.

"दाखव," मेव्हणा म्हणाला. "पण अख्खा डोंगर दाखव. एवढंसं काय दाखवतोस?"

मी अख्खा डोंगर स्क्रीनवर आणला.

जिने नव्हते.

"हेच सापडलेत का?" मेव्हणा म्हणाला आणि गेला. तो गेल्यावर मी परत आत शिरून शोधलं. जिने होते! मी पळत जाऊन त्याला ओढून आणलं. त्याने खुर्ची सरकवली, म्हणाला, "अख्खा दाखव." गेले!

आता साधा माणूस असता तर गोंधळला असता. मी गोंधळलो नाही. मी वहीत लिहिलं: मेव्हणा आला की जिने जातात. मेव्हणा गेला की जिने येतात. चार वेळा प्रयोग केला, चारही वेळा तसंच. यापेक्षा भक्कम पुरावा कोर्टालासुद्धा पेलणार नाही.

"मेव्हणा चोर आहे," मी लंब्याच्या कानात सांगितलं. त्यासाठी मला स्टुलावर उभं राहावं लागलं.

"तो कशाला चोरेल? त्याला तलाव सोडून काही दिसत नाही."

"मत्सर. तू कायम झालास तर ऑफिसात काम करणारा एक माणूस होईल. बाकीचे उघडे पडतील."

सॉफ्टवेअरमधे नकाशे सांभाळायची एक खिडकी असते. तिला मॅप मॅनेजर म्हणतात. तिथे सगळ्या लेयरांची यादी. प्रत्येकापुढे एक डोळा, तो मिटला की लेयर दिसत नाही. मग एक कुलूप, ते लावलं की त्या लेयरवरचं काही कोणाला हलवता येत नाही की पुसता येत नाही. पुढे आणखी दोन-चार रकाने असतात. ते मी खिडकी बारीक करून झाकून टाकले होते. गुप्तहेराला पसारा चालत नाही.

जिन्यांचा डोळा उघडा होता. मी कुलूप लावलं. शिवाय लेयरच्या तीन प्रती काढल्या आणि चारींना कुलूप लावलं. ये आता मेव्हण्या.

मेव्हणा आला. चारही गेले.

बंद कुलपातून चोरी! मला घाम फुटला आणि आनंदही झाला. आयुष्यभर मी अशाच प्रकरणाची वाट बघत होतो. पाळत ठेवायला मी गुंडाळलेल्या नकाशांच्या कपाटात शिरलो आणि फटीतून मेव्हण्यावर नजर ठेवली. पंचेचाळीस मिनिटं. त्या वेळात मेव्हण्याने काय केलं? काही नाही. काहीच नाही. एकदा कान खाजवला. कॉम्प्युटरला हात न लावता चोरी करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. मग कोणीतरी येता-जाता कपाटाला बाहेरून कडी घातली. त्याबद्दल मी वर लिहिलंय.

अडीच वाजता मला बाहेर काढलं ते घडीकाकूंनी. घडीकाकू म्हणजे छापलेले नकाशे हाताने घडी करणाऱ्या. बावीस वर्षं करतायत. त्यांनी घातलेली घडी उघडता येते आणि परत मिटताही येते, जगात फार कमी लोकांना हे साधलंय.

"बाळा, आत काय करतोस?"

"तपास."

"बरं. झाला की सांग. मला घड्या घालायच्यात, नकाशाच नाही हातात."

तीन वाजले. मी सरळ साहेबांसमोर जाऊन सांगितलं. "चोर तुमच्या घरातला आहे."

साहेबांनी शांतपणे ऐकलं. वही बघितली. मग विचारलं, "हा कॉम्प्युटरला हात न लावता जिने गायब करतो?"

"हो."

"ह्याला हात लावून प्रिंटर चालू करता येत नाही."

मेव्हण्याला पहिल्यांदाच ऑफिसात कौतुक झाल्यासारखं वाटलं.

साहेबांनी घड्याळ बघितलं, पेन उघडलं आणि लंब्याचा कागद पुढे ओढला. आणि मी आता लिहितोय ती गोष्ट तेव्हा झाली. ही खरं तर पुसायची होती. माझ्याकडे एकच तर्क उरला होता. मी लंब्याकडे वळलो आणि सगळ्यांसमोर विचारलं, "खरं सांग. तू चढला होतास ना तिथे?"

लंब्याने आपल्या बुटांकडे बघितलं. सहा आठवड्यांत त्याच्या बुटाचा तळ निघाला होता, तो त्याने सुतळीने बांधला होता. ती सुतळी मी रोज बघत होतो. तीक्ष्ण नजर. तो वाकून दारातून बाहेर गेला.

"ए," घडीकाकू म्हणाल्या. त्या माझ्या टेबलाशी उभ्या होत्या. "इकडे ये. ते माउसचं चाक फिरव."

"काकू, आत्ता नको."

"फिरव रे. दुपारभर मी तुझ्या मागे बसून बघतेय. तू चाक पुढे फिरवलंस की जिने येतात. मागे फिरवलंस की जातात. तो आला की म्हणतो अख्खा डोंगर दाखव, मग तू मागे फिरवतोस. तो गेला की तू शोधायला परत आत शिरतोस."

मी फिरवलं. पुढे: आले. मागे: गेले. मेव्हणा लांब उभा राहून कान खाजवत होता.

"म्हणजे माणसाचा दोष नाही, लांब-जवळचा आहे," काकू म्हणाल्या. "माझ्या चष्म्यासारखं. जवळचं दिसतं, लांबचं नाही. आणि ही खिडकी एवढीशी का करून ठेवलीस? ओढ बरं जरा."

मी मॅप मॅनेजरची खिडकी ओढून रुंद केली. झाकलेले रकाने बाहेर आले. एक रकाना असतो, लेयर किती लांबून बघितलं तरी दिसावा त्याचा. जिन्यांच्या पुढे लिहिलं होतं: एकास दोन हजारपर्यंत. भिंतीचा नकाशा होता एकास पाच हजार, म्हणजे त्याहून बराच लांबून बघितलेला. एवढ्या लांबून सॉफ्टवेअर जिने दाखवणारच नव्हतं. डोळा उघडा असो, कुलूप असो, प्रती तीन असोत की तीनशे. प्रती काढल्या तरी ती अट प्रतीबरोबर जाते.

"पण ही अट घातली कोणी?" मी गरजलो. "तोच आपला गुन्हेगार!"

"शेवटच्या रकान्यात काहीतरी शेरा आहे," काकू म्हणाल्या. त्यांनी चष्मा वर केला आणि मोठ्याने वाचलं. "'लांबून जिने किड्यांसारखे दिसतात. दोन हजारच्या पुढे बंद केले. काम झालं की अट काढायची. त्रिकालदर्शी.'"

शेजारी तारीख होती. तीन आठवड्यांपूर्वीची.

मेव्हणा हसला. मेव्हणा! तलाव निळा करणारा माणूस मला हसला.

मी चारही लेयरांची अट काढली. साहेबांनी नकाशा छापला. जिने आले, सगळे एकशे बारा. फक्त माझ्या तीन प्रती पुसायच्या राहिल्या होत्या, त्यामुळे चार थर एकावर एक छापून जिने इतके गडद आले की डोंगराला शिड्या लावल्यासारखं वाटत होतं. अग्निशमन दलाच्या बाई आल्या, नकाशासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "असंच पाहिजे. धुरात धावताना बारीक रेषा कोण बघणार?" साहेबांनी लगेच सांगितलं की ही त्यांचीच सूचना होती. मग लंब्याच्या कागदावर सही केली, आणि सही करताना असा चेहरा केला की जणू जिने त्यांनीच चढले.

तो कागद घेऊन मी बाहेर गेलो. लंब्या इमारतीच्या मागे उभा होता, भिंतीला टेकून.

"कायम झालास," मी म्हणालो.

त्याने कागद वाचला. घडी केली. वाईट घडी. खिशात घातला.

"कोणी केलं होतं?"

"मी."

"वाटलंच." त्याने वाकून बुटाची सुतळी घट्ट केली. "साहेबांनी विचारलं, मला काही वाटलं नाही. ते खुर्चीतून उठून पाणी प्यायला जात नाहीत, त्यांना चढ काय कळणार. मेव्हण्याने विचारलं असतं तरी चाललं असतं. तू विचारलंस."

"तर्क संपले होते रे."

"मग गप्प बसायचं."

मी त्याच्या शेजारी भिंतीला टेकलो.

"लंब्या, शब्द देतो," मी म्हणालो. "यापुढे काहीही हरवलं, काहीही, तर आधी माझं टेबल तपासीन. मग माझा कॉम्प्युटर. मग माझं डोकं."

"आणि तिथे काही सापडलं नाही तर?"

"परत पहिल्यापासून माझं टेबल. तुझ्यापर्यंत येणारच नाही."