म्हातारं कोण होणार?

इमारतीत ज्येष्ठांची काळजी घेणारी समिती निघाली, तेव्हा काळजी घ्यायला झाडून सगळे तयार झाले. काळजी करून घ्यायला मात्र कुणी मिळेना. सत्तरी ओलांडलेले सगळे बाह्या सरसावून कार्यकर्ते होऊन बसले होते.

समिती काढण्याची खटपट होती चौथ्या मजल्यावरच्या बँडमास्तरांची. इमारतीला लिफ्ट नव्हती, आणि मुलीने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "बाबा, उद्या तुम्हाला काही झालं तर चार मजले खाली आणणार कोण? मी रविवारी येतेय. बॅग भरून ठेवा." मुलगी मायाळू होती, जावई सज्जन होता, घर ऐसपैस होतं. पण त्या घरात क्लॅरिनेट वाजवायची तर आधी विचारावं लागे. मास्तरांना स्वतःचं घर सोडायचं नव्हतं. रविवारच्या आत कुणालातरी चौथ्या मजल्यावरून सुखरूप खाली आणून दाखवलं, की मुलीचं तोंड बंद, असा त्यांचा हिशोब होता.

शनिवारी सकाळी तालीम ठरली. हातांची भक्कम खुर्ची आली, शिंपीकाकांनी पट्टे शिवून आणले. आता खुर्चीत बसणार कोण?

"नर्सबाई, तुम्ही बसा," सेक्रेटरी म्हणाला.

"मी? मी काय म्हातारी आहे?" निवृत्त नर्सबाई कडाडल्या.

शिंपीकाकांना एकाएकी खोकला आला. तिसऱ्या मजल्यावरचे दोघे भाऊ, थोरले आणि धाकटे, एकमेकांशी कित्येक वर्षं बोलत नव्हते. पण या बाबतीत दोघांनी एकदमच नकाराची मान हलवली. स्वतः मास्तर तर बसणं शक्यच नव्हतं. मोजून पावलं टाकायला लावणारं दुसरं होतं कोण? शेवटी सगळ्यांची नजर सेक्रेटरीवर गेली. तो जेमतेम पंचेचाळिशीचा, पण अंगाने चांगला भरलेला.

"अहो, मी तरुण आहे!" तो म्हणाला.

"म्हणूनच. पडलात तरी जुळून याल," नर्सबाईंनी त्याला खाली दाबला. शिंपीकाकांनी पट्टे आवळले. रुग्णाला वारा लागू नये म्हणून बाईंनी पांढरी चादर त्याच्या नाकापर्यंत ओढली.

"एक, दोन! एक, दोन!" कठड्यावर टिचक्या मारत मास्तर मागून निघाले. पहिला जिना झकास उतरला. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर मात्र खुर्ची कठड्यात अडकली.

"काका, त्याला सांगा, डावीकडे घे म्हणावं," थोरले म्हणाले.

"काका, त्याला सांगा, माझं डावं त्याचं उजवं होतं," धाकटे म्हणाले.

निरोप पोचवता पोचवता शिंपीकाकांची पकड सुटली. खुर्ची एका बाजूला कलली आणि सेक्रेटरीने चादरीतून अशी काही आरोळी ठोकली, की सगळी दारं उघडली. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी डोकावून वर पाहिलं, पांढरी चादर पाहिली आणि मागचापुढचा विचार न करता मास्तरांच्या मुलीला फोन लावला. "अगं, तुझ्या बाबांना खुर्चीत बांधून खाली आणतायत गं!"

मुलगी त्याच गावात राहणारी. खुर्ची सोडवायला कठड्याची पट्टी काढावी, की सेक्रेटरीला, यावर वाद रंगात आला होता, तेवढ्यात ती धापा टाकत जिना चढून आली.

"बाबा!" असा हंबरडा फोडून तिने चादरीसकट सेक्रेटरीला मिठी मारली.

"ताई, मी सेक्रेटरी," चादर म्हणाली.

"काय गं, आज कशी आलीस?" मास्तर वरच्या पायरीवरून म्हणाले. "रविवार उद्या आहे."

बाप धडधाकट उभा पाहून तिला आधी रडू आलं आणि मग संताप. "शोभतं का तुम्हाला हे, या वयात?" असं म्हणत ती तरातरा पुढे सरसावली, चादरीत तिचा पाय अडकला आणि ती मटकन खाली बसली. घोटा बघता बघता सुजला.

नर्सबाईंनी तो दाबून पाहिला. "हाड मोडलेलं नाही, घोटा मुरगळलाय. पण आठवडाभर पाय टेकायचा नाही."

मग मास्तरांचा आवाज घुमला. "सेक्रेटरी, उठा. बाळ, तू बस."

"मी चालेन."

"बस म्हटलं ना!"

ती बसली. पट्टे आवळले गेले. एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला शिंपीकाका आणि सुटका झालेला सेक्रेटरी. "एक, दोन!" खुर्ची आता वरच्या दिशेने उचलली गेली आणि पुन्हा त्याच कठड्यात अडकली. थोरल्यांनी शिंपीकाकांकडे पाहिलं. काका डोळे मिटून दम धरत होते. मग थोरले थेट गरजले, "अरे धाकट्या, उजवीकडे घे!"

"घेतो ना, दादा!" धाकटे म्हणाले, आणि खुर्ची लोण्यासारखी सुटली. तिथून चौथ्या मजल्यापर्यंत ती कुठे थांबलीच नाही. दारादारांतून टाळ्या वाजत होत्या. वर पोचल्यावर सगळे घामाघूम झाले होते, पण एकही जण बसायला तयार नव्हता. दोघे भाऊ तर परत जाताना ताल कुणाचा चुकला यावर समोरासमोर, तोंडाला तोंड लावून भांडत गेले.

मास्तरांनी मुलीचा पाय उशीवर ठेवला, थंड पाण्याची पट्टी बांधली, चहा केला. जावयाला फोन करून सांगितलं, "काळजी करू नका. आठवडाभर तिला मी सांभाळतो." हे वाक्य बोलताना त्यांची छाती फुगली होती, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

रविवारी सकाळी मुलगी पलंगावर उठून बसली आणि शक्य तितक्या करारी आवाजात म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला न्यायला आलेय, लक्षात आहे ना?"

"आहे की. ने ना," मास्तर म्हणाले. "आधी मोरीपर्यंत जाऊन दाखव."

तिने एक पाय खाली टेकवला, "आई गं!" केलं, आणि हसत हसत बापाच्या खांद्याला धरून उभी राहिली.