मूठभर पुस्तक

तात्या पुस्तक मागत नसत, मूठभर मागत.

"मास्तर, ह्यातलं मूठभर द्या," असं म्हणून ते कपाटात हात घालत, दोन बोटांत पाला धरावा तसं एखादं पुस्तक बाहेर ओढत आणि नाकाशी नेत. वास पसंत पडला तर काखेत, नाहीतर परत जागेवर. लेखकाचं नाव त्यांनी कधी विचारलं नाही.

ही नव्वदनंतरची गोष्ट. मी मूळचा बारामतीचा, इंदापुरात शिक्षक. शाळा सुटली की तिथल्या वाचनालयात विनावेतन बसायचो. विनावेतन हे मुद्दाम सांगितलं, आणि सांगितल्याची आता लाज वाटते आहे. माझा स्वभावच तसा. कपाटात न वाचलेलं पुस्तक दिसलं तरी मला अपराध्यासारखं होतं, आणि आमच्याकडे न वाचलेलीच जास्त होती.

तात्या निरवांगीचे. आठवड्यातून दोनदा वांगी-गवार घेऊन बाजाराला यायचे. माल खपला की रिकामी पाटी वाचनालयाच्या दारात पालथी घालून आत. भर उन्हाळ्यातही खांद्यावर घोंगडी. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागे हिंडलेलं घर. पण माळ मोडून ऊस आला, लोणी देवकरकडे कारखान्यांचे पत्रे चढले, चरायला जागा उरली नाही. गेल्या दिवाळीला कळप विकून तात्या पाटाच्या पाण्यावर भाजी पिकवू लागले होते.

आधी त्यांनी रहस्यकथा नेली. पुढच्या बाजाराला परत.

"वास घेतला. तोंड न्हाय लावलं."

"का हो?"

"पयल्याच पानावर मुडदा, आन्‌ समदी बसून चहा पित्यात! मर्तिकाच्या घरात चूल पेटती व्हय?"

मग ऐतिहासिक कादंबरी. "घोडी रात पळत्यात, दिस पळत्यात. पाणी कोणच पाजंना. मला लिवणाऱ्याचाच राग आला."

विनोदी पुस्तक दोन दिवसही टिकलं नसावं. "हसायचं समदं त्यानंच हसून घेतलंय. आमाला काय ठिवलंच न्हाय."

अध्यात्माबद्दल त्यांची तक्रार वेगळी होती. "ह्यो म्हनतोय, समदं सोडा. सोडलं की! फुडं काय, त्ये कुठं सांगतोय?"

कवितासंग्रह त्यांनी उघडून माझ्यासमोर धरला. "पेरा लई पातळ हाय, मास्तर. निम्मं रान मोकळंच."

बाजाराच्या दिवशी पेपर वाचायला येणारी मंडळी आता तात्यांसाठी थांबू लागली. तात्यांनी निकाल दिला की बाकावर हशा व्हायचा. मीही हसायचो, आणि हसून झाल्यावर वाईट वाटून घ्यायचो. महिना संपत आला तेव्हा मी विचारलं, "तात्या, तुम्हाला आवडतं तरी काय?"

"मला?" त्यांना नवल वाटलं. "मी काय, पंचांगबी वाचतो. माझ्यासाठी कुठं नेतोय!"

ते पाटीवर टेकले. "मेंढी कधीमधी चारा सोडती. तवा जोर न्हाय करायचा. बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, मेथी, जे घावंल त्याची एकेक मूठ तिच्याम्होरं ठिवायची, आन्‌ आपुन दुसरीकडं बघायचं. ज्याला तोंड लावील, त्यो तिचा चारा."

"पण मेंढरं तर तुम्ही विकलीत."

"विकली. तवापास्नं आमची म्हातारी बोलंना. सैपाक करती, खुरपायला येती, पर तोंडातनं सबूद न्हाय. मी रोज दिवेलागणीला वाचून दावतो. ती भिंतीकडं बघती."

बाकावरच्या एकानं पेपर उगाच उलटा-सुलटा केला. कोणी हसलं नाही.

खालच्या फळीवर एक जाडजूड प्रवासवर्णन होतं. हिमालयातल्या पायी प्रवासाचं, पानंही न कापलेलं. पट्टीनं पानं कापून मी ते तात्यांना दिलं. त्यांनी वास घेतला आणि ते गेले. ते गेले आणि मग माझ्या ध्यानात आलं. जिचं मेंढरांमागचं चालणं सुटलं त्या बाईला मी चालण्याचं पुस्तक दिलं होतं!

पुढच्या बाजाराला तात्या आले नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाहीत. त्यानंतर तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी निरवांगीची एसटी पकडली. पुस्तक मागून घ्यायचं, माफी मागायची, असं ठरवून.

ऊन उतरलं होतं. उसाच्या कडेनं पाटाचं पाणी इतकं संथ चाललं होतं, की पाणी उभं आहे आणि आपणच हळूहळू वाहतो आहोत असं वाटावं. तात्यांच्या अंगणात बाज होती. बाजेवर तात्या, ओळीखाली बोट. त्यांची बायको, सोनाबाई, आमच्या दोघांकडे पाठ करून भिंतीशी बसलेली. तात्यांनी मला पाहिलं आणि तळहात उचलला. मी शेवग्याखाली जागच्या जागी थांबलो.

"...रात्र पडण्यापूर्वी येथेच मुक्काम करण्याचे आम्ही ठरविले," तात्या वाचत होते.

"हितं नगं."

खूप दिवसांनी ओढलेल्या रहाटासारखा आवाज होता.

तात्यांनी मान वर केली नाही. "का गं?"

"पाणी लांब हाय. बारकी कोकरं हायती संगं."

पुस्तकात कोकरं नव्हती. बर्फ होता, तंबू होते, लेखकाचे दोन मित्र होते. तात्यांनी बोट जिभेला लावून पान उलटलं. "मग वाईच फुडं जाऊया. वडाखाली?"

"वडाखाली मुंग्या हायती. वढ्याच्या वरल्या अंगाला बघा."

"बरोबर," तात्या पानात बघून म्हणाले. "तसंच लिवलंय. वढ्याच्या वरल्या अंगाला."

अंधार पडत गेला. अक्षरं दिसणं आता शक्यच नव्हतं, तरी पानं उलटत होती. कोकरं मोजली गेली, एक लंगडत होतं ते सोनाबाईंनी कडेवर घेतलं, आणि हिमालय की नीरेचा काठ हे मलाही सांगता येईना. मी पाय न वाजवता मागं सरलो.

पुढच्या बाजाराला बाकावरच्या एकानं विचारलं, "ते प्रवासाचं जाडं पुस्तक दिसत नाही हो, मास्तर?"

"चरायला गेलंय," मी म्हणालो. "पाऊसकाळात येईल माघारी."