पुनावळ्याचा मंगळ

विद्यापीठात यशवंतराव सावंतांशी बोलायला फारसं कोणी नव्हतं. ताऱ्यांच्या प्रकाशावर त्यांचं संशोधन चाले, आणि तारे काही बोलत नसत. संध्याकाळी भाड्याच्या खोलीत परतले की ते स्टोव्हशी बोलत. तोही मनात असेल तर फुरफुरे. त्यामुळे १९५६ साली मंगळ पृथ्वीच्या अगदी जवळ आला आणि विद्यापीठाने गावोगावच्या लोकांना दुर्बीण दाखवायचं ठरवलं, तेव्हा यशवंतरावांनी आपणहून पुनावळं मागून घेतलं. निदान चार माणसं तरी भेटतील.

दिवेलागणीला शाळेच्या पटांगणात सारा गाव लोटला. ताथवड्याची, रावेतची माणसंही आली. बायका नटलेल्या, मुली संकोचलेल्या. यशवंतरावांना भरून आलं.

"लोकांना विज्ञानाची एवढी ओढ असेल असं वाटलं नव्हतं," ते चिमाजी पाटलांना म्हणाले.

"दवंडीच तशी दिलीया. इद्यापीठाचं सायेब येनार, समद्यांचा मंगळ बघनार."

"मंगळ दाखवणार, असं सांगितलं होतं मी."

"त्येच की. आदी बघायचा, मंग दाखवायचा."

रांगेत पहिल्या होत्या कौशल्याबाई आणि त्यांची लेक शालन. शालन गावच्या शाळेत शिकवायची. पत्रिकेतल्या मंगळापायी सोयरिकी मोडत मोडत ती तिशीला टेकली होती. यशवंतरावांनी सगळ्यांना नीट समजावलं, की मंगळ हा दगडमातीचा गोळा आहे, त्याला कोणाच्या लग्नाशी देणंघेणं नाही. लोकांनी कीर्तन ऐकावं तसं आदराने ऐकलं. रांग मात्र कोणी सोडली नाही.

शालनने दुर्बिणीला डोळा लावला आणि नेमका ढग आला.

"काहीच दिसत नाही," ती म्हणाली.

कौशल्याबाईंनी हात जोडले. "गेला बया. सायबांनी काढला."

मग रांग कसली नि काय. "अहो, ढग आहे तो," यशवंतराव सांगत होते, तोवर दुर्बिणीच्या तिवईला हळदकुंकू लागलं, पायाशी नारळ फुटला. रावेतच्या रंगरावांनी त्यांची बाही धरली. "माज्या भाच्याचा बी काढा. त्यो पिंपरीला शिफ्टला गेलाय, पर नाव सांगतो."

तिवई डगमगली. दुर्बीण लेकरासारखी कवटाळून यशवंतराव काकुळतीला आले. "मला काढता येत असता, तर माझाच नसता का काढला?"

रंगरावांनी बाही सोडली.

"म्हंजी तुमाला बी हाय?" पाटलांनी विचारलं.

"कडक आहे. नकार ऐकून ऐकून शेवटी विचारणंच सोडलं."

व्याख्यानाने जे झालं नव्हतं ते एवढ्याने झालं. माणसं चुकचुकत पांगली. रंगरावांनी जाताना त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "सोसा आता."

पटांगण रिकामं झालं. ढगही सरला, पण तांबडालाल मंगळ बघायला कोणी उरलं नव्हतं. यशवंतराव मुकाट्याने दुर्बिणीचे स्क्रू सोडू लागले.

"आता दिसेल का?"

शालन मागेच थांबली होती. तिने डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. "किती लांब असेल हो हा?"

"साडेतीन कोटी मैल," यशवंतराव चटकन म्हणाले.

कौशल्याबाई कुंपणापाशी उभ्या होत्या. मंगळाला मंगळ चालतो, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. त्या दोन पावलं पुढे आल्या.

"आन् सायेब, तुमी ऱ्हायला किती लांब?"

यशवंतरावांना ते अंतर काही केल्या सांगता येईना.