लाल पिशवी कोणत्या खांद्यावर?

"लांबची फेक केव्हा मारायची हे ज्याला कळलं, त्याला सगळं कळलं!" असं चष्मेवाले मैदानावरच्या बाकावर बसून दर रविवारी सांगत. सांगताना आवाज असा लावत, की झाडावरचे पक्षीसुद्धा चोच मिटून ऐकायला लागावेत.

चकत्यांचा हा खेळ तसा गरीब स्वभावाचा. हातात बशीएवढी चकती. लांबवर एक खांब, खांबाला टोपली आणि टोपलीवर लोंबणाऱ्या साखळ्या. कमीत कमी फेकींत चकती टोपलीत पडली, की झालं. खरी गंमत शेवटी येते. टोपली पंधरा-वीस पावलांवर असते. तिथून मारली आणि लागली, तर एक फेक वाचते. हुकली, तर चकती पलीकडच्या उतारावरून अशी निघते, जशी काही चार दिवस माहेरीच चालली आहे! मग तिला परत आणण्यात दोन-तीन फेकी जातात. तेव्हा लांबून मारायची, की मुकाट्यानं टोपलीपाशी नेऊन ठेवायची, हाच काय तो प्रश्न.

चष्मेवाल्यांचा हा निर्णय सहसा चुकत नसे. लोक तोंडात बोट घालत. "काय नजर आहे!" म्हणत.

नजरेबद्दल न बोललेलं बरं. गावातल्या निम्म्या नाकांवर त्यांच्या दुकानातला चष्मा होता, पण त्यांचा स्वतःचा चष्मा खेळताना खिशात असे. खेळाडूला चष्मा शोभत नाही, असं त्यांचं ठाम मत! त्यामुळे वीस पावलांवरची टोपली त्यांना बादलीतल्या साबणाच्या फेसासारखी दिसे. कुठं सुरू झाली आणि कुठं संपली, पत्ता लागत नसे.

मग निर्णय कोण घेई? बायको! ती टोपलीच्या बाजूला जाऊन उभी राही. खांद्याला एक लालभडक पिशवी. पिशवी उजव्या खांद्यावर असली तर मारायची, डाव्यावर असली तर ठेवायची. लाल रंग चष्म्याशिवायही दिसतो.

"सरळ ओरडून सांगते ना," ती पहिल्या दिवशी म्हणाली होती.

"वा! म्हणजे बायकोला विचारून खेळतो, असं लोक म्हणू देत!"

"मग विचारू नका."

"अगं, पण मला दिसत नाही!"

"मग चष्मा घाला."

"तू विषय बदलू नकोस!"

सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात मुख्याध्यापकबाईंनी नवशिक्यांसाठी रविवारचा वर्ग काढायचं ठरवलं. बाई निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांच्या आवाजाला ते कुणी कळवलेलं नव्हतं. वर्गाला शिकवायला माणूस हवा होता आणि इच्छुक होते दोघे. एक चष्मेवाले, दुसरे दातांचे डॉक्टर. डॉक्टरांचा दवाखाना चष्म्याच्या दुकानाच्या अगदी समोर. वर्ग डॉक्टरांना मिळाला, तर रोज सकाळी दुकान उघडताना समोरून "काय, येताय का रविवारी शिकायला?" असं ऐकून घ्यावं लागणार! चष्मेवाल्यांना त्या विचारानंच घास गोड लागेना. त्यांनी तर शिट्टीसुद्धा आणून ठेवली होती. सदऱ्याच्या आत, गळ्यात.

"दोघांनी पाच टोपल्या खेळायच्या," बाईंनी फर्मान काढलं. "जिंकेल त्याचा वर्ग. बरोबरी झाली, तर एकेक रविवार वाटून घ्या. आणि मारायची की ठेवायची, ते का ठरवलं, हे मोठ्यानं सांगायचं. नवशिके वह्या घेऊन येतील."

आले! चांगले बाराजण आले. वह्या उघडून, पेनांची टोपणं काढून.

पहिली टोपली. पिशवी उजव्या खांद्यावर.

"वारा आपल्या बाजूचा आहे," चष्मेवाल्यांनी हवेत बोट धरून सांगितलं आणि चकती सोडली. साखळ्या खळ्ळकन वाजल्या!

दुसरी टोपली. पिशवी डाव्या खांद्यावर.

"इथं संयम!" त्यांनी चकती टोपलीपाशी अलगद ठेवली. बारा वह्यांत 'संयम' उतरला.

आणि इथंच घात झाला. बाईंचं लक्ष त्या पिशवीकडे गेलं.

"केवढं ओझं वाहताय हो! आणा इकडे."

"नको नको, बाई, राहू दे."

"मी चाळीस वर्षं कुणाचं 'नको' ऐकलेलं नाही," असं म्हणून बाईंनी पिशवी काढून घेतली आणि स्वतःच्या उजव्या खांद्याला लावली.

तिसरी टोपली. चष्मेवाले तिच्यापासून चांगल्या तीस पावलांवर. मध्ये झुडपं, शेजारी एक आडदांड झाड. त्यांनी डोळे बारीक केले. फेसाशेजारी लाल ठिपका. उजव्या खांद्यावर! क्षणभर ओठ पुटपुटले. पण बायकोवर विश्वास म्हणजे विश्वास.

"मारतो!"

"इथून?" डॉक्टरांचा जबडा त्यांच्याच पेशंटसारखा उघडा पडला.

"डॉक्टर, धाडससुद्धा शिकवावं लागतं!"

चकती भिरभिरत निघाली, झुडपांवरून गेली, झाडाच्या बुंध्यावर फाडकन आपटली आणि उलटी फिरून थेट टोपलीत! टाळ्यांचा कडकडाट झाला. चष्मेवाल्यांनाही आवाजावरूनच कळलं.

"झाडाचा अंदाज घेतला होता," ते शांतपणे म्हणाले.

'झाडाचा अंदाज घ्यावा.' बारा पेनं.

चौथ्या टोपलीला नशीब असं उघडलं, की दुसरीच फेक टोपलीपासून तीन पावलांवर येऊन पडली. तीन! एखाद्यानं डोळे मिटून टाकली असती. चष्मेवाल्यांनी सवयीनं लाल ठिपका शोधला. नेमकं त्याच वेळी टोपलीपलीकडे लांब उभ्या असलेल्या बाईंनी उजव्या मनगटावरचं घड्याळ बघायला पिशवी डाव्या खांद्यावर घेतली.

"ठेवतो," चष्मेवाले म्हणाले.

"काय ठेवता?" डॉक्टरांना काही कळेना.

चष्मेवाल्यांनी वाकून, तान्ह्या बाळाला पाळण्यात घालावं तशी, चकती टोपलीखालच्या गवतात नेऊन ठेवली.

"सर," एक नवशिका चाचरत म्हणाला, "तीनच पावलं होती ना?"

"जिथं फार सोपं दिसतं ना, तिथंच माणूस फसतो. लिहा!"

त्यानं लिहिलं. डॉक्टर हसून हसून झाडाला टेकले. बायको दोन्ही हात हलवून खुणा करत होती. चष्मेवाल्यांना वाटलं, चिलटं फार झालेली दिसतात. तिसरीला वाचलेली फेक चौथीला गेली आणि दोघे बरोबरीत आले.

पाचवी आणि शेवटची टोपली तळ्याच्या काठावर. डॉक्टर चार फेकींत मोकळे झाले. चष्मेवाल्यांच्या दोन झाल्या होत्या आणि टोपली वीस पावलांवर. आता लागली तर जिंकले. जवळ ठेवली तर चारात बरोबरी, म्हणजे वर्ग अर्धा. आणि हुकली तर चकती तळ्यात, वर्ग डॉक्टरांच्या घशात!

त्यांनी पिशवी शोधली. बाई दमून घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि पिशवी त्यांच्या मांडीवर होती. मधोमध!

मधोमधचं काही ठरलेलंच नव्हतं.

चष्मेवाले थांबले. एक मिनिट गेलं. दोन गेली.

"सर विचार करतायत," नवशिके कुजबुजले.

तळ्यातल्या बदकांनी काठापर्यंत येऊन पाहिलं आणि कंटाळून परत गेली. बायकोला राहवेना. तिनं पुढं होऊन बाईंच्या मांडीवरची पिशवी उचलली. पण गडबडीत पट्टा खुर्चीत अडकला. तो सोडवायला तिनं पिशवी आधी डावीकडे ओढली, मग उजवीकडे, मग एकदम डोक्यावर! वीस पावलांवरून चष्मेवाल्यांना एवढंच दिसलं, की लाल ठिपका भांगडा करतोय.

त्यांचा धीर सुटला. सगळ्या मैदानासमोर, टिपेच्या आवाजात ते ओरडले, "अगं, उजवा की डावा? नीट सांग ना!"

बारा माना एकदम बायकोकडे वळल्या.

"चष्मेवाले," बाई उठल्या. "इकडे या."

ते गेले. मान खाली घालून त्यांनी सगळं सांगितलं.

"म्हणजे तिसऱ्या टोपलीला तुम्ही माझ्या खांद्यावर खेळलात?"

"हो, बाई."

"आणि चौथीला?"

"तुम्ही घड्याळ बघितलंत, बाई."

डॉक्टर गवतावर बसले होते. त्यांना उभं राहणं शक्यच नव्हतं. बाईंनी मोर्चा बायकोकडे वळवला.

"आणि तुम्ही कशावरून ठरवता? वारा? उतार? अंतर?"

बायको संकोचली. "त्यातलं मला काही कळत नाही हो, बाई. मी आपली यांच्याकडे बघते. मिशीतल्या मिशीत हसू आलं, छाती पुढं निघाली, म्हणजे मनात टाळ्या वाजायला लागल्या. अशा वेळी यांची हमखास चुकते, तेव्हा डावा खांदा. आणि नाकावर घाम आला, ओठ पुटपुटायला लागले, देवाला हाक मारतायत असं दिसलं, की उजवा. घाबरले ना, की हे फार नीट फेकतात."

बारा पेनं धावत सुटली. डॉक्टरांनीही शेजारच्याकडून कागद मागून घेतला.

"मग आत्ता काय करावं?" बाईंनी विचारलं.

बायकोनं नवऱ्याकडे नीट पाहिलं. कान लाल, नाकावर घामाची रांग, ओठांची अखंड हालचाल.

"आत्ता मारा," ती हळूच म्हणाली.

चष्मेवाल्यांनी देवाचं नाव घेतलं आणि फेसाच्या दिशेनं चकती सोडली. खळ्ळकन आवाज! टोपलीत!

"जिंकलो!" त्यांची छाती भरून आली. सदऱ्यात हात घालून त्यांनी शिट्टी बाहेर काढली. "म्हणजे बाई, वर्ग आता..."

"यांचा," बाईंनी त्यांच्या बायकोकडे बोट दाखवलं.

"आणि मी?"

"तुमच्याशिवाय कसं भागेल? त्या वर्गाला दाखवणार काय? दर रविवारी सातला यायचं, सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि घाबरायचं."

चष्मेवाल्यांनी काहीतरी खणखणीत बोलायला तोंड उघडलं. बाईंकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. नाकाच्या शेंड्यावर घामाचा एक थेंब चमकायला लागला.

"हं, बघा, लिहून घ्या," बायको वर्गाकडे वळून मृदू आवाजात म्हणाली. "हे असं दिसलं, की खुशाल मारू द्यायचं."