आबासाहेबांचा शंभर फुटी दोर

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरींना पळायला मैदान आखून द्यायचं, असं 'आधार' मंडळाच्या बैठकीत ठरलं. मोजणीचा विषय निघाला तसे आबासाहेब कुणी विचारायच्या आत उठून उभे राहिले. "चारशे मीटरची फेरी ना? दोर माझ्याकडं हाय. शंभर फुटी." संगमनेर तालुक्यातल्या त्या गावात कुणाचीही मोजणी असली तरी आबासाहेब हजर असायचेच. दुसऱ्या दिवशी सकाळी तेरा दोर मोजून, पांढरी फक्की मारून मैदान तयारही झालं.

घरी आल्यावर भीमाबाईंनी नवऱ्यापुढं चहा ठेवला. "कोन्च्या दोरानं मोजलं?"

"आपल्या."

"बांधाच्या?"

आबासाहेबांना ठसका लागला.

त्या दोराची गोम त्या दोघांखेरीज कुणालाच माहीत नव्हती. आबासाहेबांच्या शेताला लागून चुलतभाऊ कानिफनाथाचं शेत. सहा वर्षांपूर्वी बांधावरून वाजलं, तेव्हा आबासाहेबांनी हाच दोर पंचांपुढं टाकला होता. म्हणायला शंभर फुटी, पण भरायचा एकशेवीस. त्यामुळं आबासाहेबांचं रान मोजलं की कागदापेक्षा कमीच यायचं, आणि कमी आलेलं रान कानिफनाथानं गिळलं असं आपोआप ठरायचं. कानिफनाथाचं रान मोजायची वेळ आली की आबासाहेबांची कंबर धरायची. पंचांनी बांध दहा फूट सरकवून दिला आणि दोघा भावांचं बोलणं बंद झालं. आता त्याच दोरानं चारशेची फेरी पावणेपाचशेची करून ठेवली होती.

"सांगून टाका," भीमाबाई म्हणाल्या.

"मैदानाचं सांगितलं की बांधाचं निघंल."

मग आबासाहेब गप्प बसले, आणि पोरी पळत राहिल्या. आठशे मीटर म्हणजे दोन फेऱ्या. पैकीच्या पैकी गुण हवे असतील तर दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत यायचं. सगळ्यांत चपळ होती ती नेमकी कानिफनाथाची रेश्मा. पण तीसुद्धा तीन मिनिटं वीस सेकंदांच्या खाली येईना. मंडळ काळजीत पडलं. अध्यक्ष गहिनीनाथ डेअरीचे सचिव, त्यांनी पोरींना सकाळी लिटरभर दूध सुरू केलं. दूध पोटात डुचमळायला लागलं आणि रेश्मा तीन पंचवीसवर गेली. दूध बंद करून अंडी आणली, अंड्यांनी भागेना म्हणून बूट आणले. शेवटी कुणीतरी म्हणालं की मैदानाचं तोंडच दक्षिणेला आहे, तेव्हापासून पोरी उलट्या बाजूनं पळायला लागल्या. एवढं होऊनही फेरी मोजून बघावी असं कुणालाच सुचलं नाही, कारण मोजणी आबासाहेबांची होती.

एका सकाळी रेश्मा धापा टाकत त्यांच्याजवळ येऊन बसली. "आबा, माझ्याच्यानं न्हाई व्हायचं. भिंगारचं स्थळ आलंय. पप्पा म्हनतात, तू सोडनार असशील तर हो म्हनून टाकतो."

आबासाहेबांना मनापासून वाईट वाटलं. भावाशी भांडण असलं तरी या पोरीनं त्यांच्या खांद्यावर बसून जत्रा बघितली होती. खरं सांगावं तर बांध जातो, न सांगावं तर पोरीची वर्दी जाते. त्यांनी मधला मार्ग काढला.

"उद्यापास्नं घड्याळ मी धरतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रेश्मा सुटल्यावर आबासाहेबांनी सावकाश नाक शिंकरलं, टोपी नीट केली आणि मग घड्याळाचं बटण दाबलं. वेळ आली दोन एकोणपन्नास. रेश्मा रडायलाच लागली. भिंगारच्या स्थळाला थांबायचा निरोप गेला. पण गहिनीनाथांनी गुपचूप मोबाईल लावला होता.

"आबा, माझ्याकडं तीन सोळा दाखवतंय. घड्याळ मागं पडतंय तुमचं."

"मोबाईल पुढं पळतोय तुमचा."

वाद वाढला. एवढ्यावरून गहिनीनाथांनी ठरवलं की हायस्कूलच्या खेळाच्या मास्तरांना स्टीलचा टेप घेऊन बोलवायचं आणि सगळंच तपासून घ्यायचं. आबासाहेबांची जेवणावरची वासना उडाली. नशीब एवढंच, की मास्तर यायच्या आधी भरतीचं बोलावणं आलं आणि सगळं गाव रेश्माच्या मागं नगरला गेलं.

रेश्मा पहिली आली. दोन मिनिटं एकेचाळीस सेकंद. शेवटची पट्टी ओलांडली तरी ती थांबेना. एका पोलीसबाईनं पळत जाऊन तिला अडवलं, तेव्हा ती म्हणाली, "अजून राह्यलंय की."

गावात सत्कार झाला. गहिनीनाथांनी भाषणात सगळं श्रेय दुधाला दिलं. आबासाहेबांनी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की शेजारचे वळून बघायला लागले. पोरीची वर्दीही वाचली आणि बांधही वाचला, या आनंदात ते घरी आले.

दिवेलागणीला ओट्यावर कानिफनाथ येऊन बसला. सहा वर्षांत पहिल्यांदा. त्याच्या हातात मास्तरांचा टेप होता. भीमाबाईंनी चहा आणला.

"रेश्मा म्हनली, तिथल्या फेऱ्या लवकर सपल्या. म्हनून आपलं मैदान मोजून आलो," कानिफनाथ म्हणाला. "पावणेपाचशे भरलं."

आबासाहेबांनी चहाची बशी त्याच्यापुढं सरकवली.

"मंडळाला काय सांगनार न्हाई मी. मैदान हाय तसंच ऱ्हाऊ द्या, पुढच्या पोरींना बरं पडंल." कानिफनाथानं चहा संपवला. "बांध तेवढा उद्या सकाळी परत मोजू."

आबासाहेबांनी सुस्कारा सोडला. दहा फूट गेले तर गेले, चारचौघांत शोभा तरी होणार नाही. "मोजू की. टेप आनलायस तू."

"टेप मास्तराला द्यायचाय माघारी. तुमच्याच दोरानं मोजू. तुमचं रान मागं मोजलंय. आता माझं मोजू, किती कमी भरतंय बघू."

आबासाहेबांचा हात आपोआप कंबरेकडं गेला. तेवढ्यात भीमाबाईंनी खुंटीवरचा दोर काढून दिरापुढं ठेवला.

"न्या, भावजी," त्या म्हणाल्या. "शंभर फुटी हाय."