पीरबाबाच्या माळावर फोर-व्हील

गाडी चालवण्यातलं मला सगळं येतं. हे मी सांगत नाही. ऑफिसात डबा खाताना मी हा विषय काढला की सगळे गप्प होतात, त्यावरून कळतंच. म्हणून डोंगरातल्या जीप-सहलीची जाहिरात दिसताच मी बायकोला, करुणाला, छाती पुढं काढून म्हणालो, "ह्या रविवारी तुला खरं ड्रायव्हिंग दाखवतो!"

डाव अर्थात वेगळा होता. मला जुनी का होईना, स्वतःची जीप घ्यायची होती आणि करुणाचा निकाल ठरलेला होता: तात्या हो म्हणाले तर घेऊ. तात्यासाहेब म्हणजे माझे सासरे, मुक्काम फुलंब्री. हौसेनं दगडधोंड्यांतून गाडी हाकायची ही कल्पनाच त्यांना पटेना. त्यापेक्षा आमच्या शेतावर या, तिथली वाटही हाडं खिळखिळी करते, असं त्यांचं म्हणणं. तरी मी त्यांना पटवून आणलं आणि सहलीच्या भाड्याच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवलं. आज सासरे खूश झाले की जीप माझी!

पिशोरच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी, गाइड फारूखभाईंनी सगळ्यांना गोळा केलं. चढावर चारही चाकांना जोर देणारा फोर-व्हीलचा छोटा दांडा कसा ओढायचा, हे ते समजावत होते. मी तेव्हा गॉगल पुसत होतो. करुणा ऐकत होती. शेवटचं तेवढं मला ऐकू आलं, की पुढच्या गाडीला सोडू नका. हे मला सांगायची काय गरज!

निघालो. काय मजा आली म्हणून सांगू! वळणावर खाली दरी, वर मोकळं आभाळ, आणि मधे मी! चढावर गाडी जरा कण्हत होती, पण म्हटलं, जुनी असेल बिचारी.

तेवढ्यात तात्यासाहेबांनी हात वर करून गाडी थांबवली. वाटेत एक म्हातारबुवा म्हशी चारत होते. आमच्या सासऱ्यांना माणूस दिसला आणि त्याचं गाव विचारलं नाही, असं होत नाही. गावावरून भावकी निघाली, भावकीवरून सोयरीक निघाली आणि बुवांची मावशी फुलंब्रीतच दिलेली निघाली. मग तंबाखू मळली गेली. ती खाऊन होईपर्यंत आमच्या पुढच्या सगळ्या गाड्या दिसेनाशा झाल्या होत्या.

पुढं दोन वाटा फुटत होत्या. डावीकडं धुरळा उडत होता आणि धुरळ्यात एक जीप पळत होती. सापडली! मी आनंदानं हॉर्न वाजवला. ती जीप जोरात निघाली. मी आणखी वाजवला, ती आणखी जोरात! ओढ्यातून गेली, आम्ही ओढ्यातून. खडकावरून उडाली, आम्हीही उडालो. फारूखभाई काय गाडी हाणतात, मी तर थक्कच झालो. आणि शेजारी बघतो तर तात्यासाहेब समोरची दांडी घट्ट धरून चक्क हसत होते.

"सोडू नका त्याला, जावईबापू," ते म्हणाले.

माझ्या स्वतःच्या जीपची किल्ली मला खिशात वाजल्यासारखी वाटायला लागली.

वाट संपली ती एका माळावर. समोर पीरबाबाचा छोटा दर्गा, बाजूला मांडव, पेटलेल्या चुली आणि ही माणसं! पुढच्या जीपमधून फारूखभाई उतरलेच नाहीत. उतरला कडूबा नावाचा शेतकरी, खांद्यावर तांदळाचं पोतं घेऊन. त्याची मुलगी पोलिसात भरती झाली, म्हणून त्यानं पीरबाबाला बोललेली कंदुरी, म्हणजे नवसाच्या बोकडाचं गावजेवण, होती. बोकड शिजला होता, तांदळाचाच खोळंबा होता.

"पाहुणं, माफ करा," कडूबा मलाच म्हणाला. "तुमाला लई भूक लागली आसंल. पर तुमी हारन वाजवून मागं लागले, म्हून टायमात पोचलो बगा."

वाट चुकलोय असं मी सांगून पाहिलं. पण कंदुरीला आलेला माणूस न जेवता जात नाही. तात्यासाहेब तर तोवर पंगतीत बसून शेजाऱ्याचं गाव विचारत होते.

मीही गुमान बसायला हवं होतं. पण सगळा माळ माझ्या गाडीकडं बघत होता हो! म्हटलं, ऐटीत मागं घेऊन सावलीला लावू. घेतली. मागची चाकं माळाकडेच्या नाल्याच्या चिखलात गेली. मी ॲक्सिलेटर दाबला. चाकं जागच्या जागी फिरली आणि चिखलाचा फवारा थेट पंगतीवर! तात्यासाहेबांची पांढरी टोपी पार काळी झाली. अर्धी पंगत उठून गाडी ढकलायला आली आणि तीही काळी झाली. गाडी मात्र आणखी खाली.

तेवढ्यात आम्हाला शोधत फारूखभाई पोचले. त्यांनी खिडकीतून आत डोकावून पाहिलं.

"साहब, दांडा ओढलाच नाय का तुम्ही?"

दांड्यातच बिघाड आहे, असं मी सांगू लागलो.

"उतरा खाली," करुणा म्हणाली.

तिनं दांडा ओढला आणि गाडी अलगद बाहेर काढली. पूर्ण माळानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, काय करणार!

जेवण झकास होतं. तात्यासाहेबांनी टोपी झटकली, हात पुसले आणि लेकीला म्हणाले, "जीप घ्या. आसल्या वाटंला पाहिजेच."

मी आनंदानं उभाच राहिलो!

"चालवायला तू हायेसच," त्यांनी वाक्य पुरं केलं.

तर घेतली आम्ही जीप. ती फुलंब्रीला असते. कुठं लग्न असो, कंदुरी असो, करुणा चालवते, तात्यासाहेब पुढं बसून गावं विचारतात आणि मी मागं रश्श्याचं पातेलं धरून बसतो. पण एक सांगतो, पातेलं धरण्यातलं मला सगळं येतं!